आधी दाखला, मग पेढा

आमच्या समोरच्या मावशींच्या तावडीतून दिवा गावातलं एकही तरणं पोर आजवर सुटलेलं नाही. बारावीचा निकाल लागला की लोक पेढा तोंडात टाकतात, मावशी पेढा हातात अडवून धरतात आणि विचारतात, "उत्पन्नाचा दाखला काढलास?" नसेल काढला, तर पेढा परत डब्यात. बारशाला गेल्या की पाळण्यात डोकवायच्या आधी जन्मनोंदणीची चौकशी. गणपतीत मंडळाने हळदीकुंकवाचं आमंत्रण सांगायला माइक दिला, तर बाईंनी शिष्यवृत्तीची शेवटची तारीख सांगितली, वसतिगृहाचा अर्ज कुठे करायचा ते सांगितलं, आरती खोळंबली. "मावशी, रील बनवा, असं कोण ऐकतंय?" पोरं खिदळतात. बाई ढिम्म. सेतू केंद्रात सर्व्हर बंद पडला की पोरं सटकायला बघतात. मावशी जेवणाचा डबा उघडून तिथेच ठाण मांडतात आणि सटकणाऱ्याला दंडाला धरून शेजारी बसवतात.

मला आधी वाटायचं, रिकामटेकडा उद्योग, दुसरं काय! मग एकदा त्यांनीच सांगितलं. त्यांच्या लेकीला नर्सिंगला प्रवेश मिळालेला. फीमध्ये सवलत होती, फक्त उत्पन्नाचा दाखला हवा होता. मावशींचे यजमान, म्हणजे आमचे काका, वागळे इस्टेटला एका वर्कशॉपात ठेक्यावर. पगाराची चिठ्ठी नाही, सांगतील तेच उत्पन्न. आणि दाखल्याच्या चौकशीला बसलेला माणूस नेमका गाववाला निघाला. गाववाल्यासमोर कमाई कमी कशी सांगायची? काकांनी ती ऐटीत चढवून सांगितली. सवलत गेली. एक वर्ष कसंबसं निभावलं, मग लेक पॅकिंगच्या कामाला लागली. "यांना काय बोलू? मला तरी कुठे ठाऊक होतं गं, पोरीचं शिक्षण त्यावर अडलंय ते," मावशी म्हणाल्या. फार वाईट वाटलं मला.

यंदा माझी मुलगी बारावी झाली. मावशी आमच्या दारात खुर्ची टाकून तिला समजावत होत्या, मुलींना कुठली फी माफ असते, कुठला कागद आधी काढायचा. तेवढ्यात त्यांची लेक कामावरून आली. पिशवी खांद्यावरच ठेवून भिंतीला टेकून ऐकत राहिली. मग अगदी सहज म्हणाली, "आई, तिशीनंतर परत शिकायचं असेल तर काय असतं गं?"

"विचारते हं," मावशी एवढंच बोलल्या. लेक म्हणाली, राहू दे, असंच विचारलं, आणि समोर आपल्या घरात निघून गेली.

दुसऱ्या दिवशी मी मुलीला घेऊन केंद्रात गेले, तर मावशी आधीच रांगेत. कुणाचंच पोर बरोबर नाही. खिडकीतल्या बाईंनी विचारलं, कुणाच्या मुलीसाठी? "माझ्या," मावशी म्हणाल्या, पण इतक्या हळू, की बाईंना परत विचारावं लागलं.