रानशेतचं तांबूस गवत आणि आईची विद्यार्थिनी

दिवाळी संपली आणि आई म्हणाली, "रानशेतला जाऊ. सखूला भेटायचंय." आईनं तिथल्या शाळेत अकरा वर्षं शिकवलं, माझं बालपण तिथलंच. मी लगेच गाडी काढली.

ठाण्याहून सकाळी सहाला निघालो. चारोटी नाक्यावर मिसळ, चहा, मग डावीकडे डहाणूचा रस्ता. जायचं तर याच दिवसांत जा. भात कापून झालेलं असतं आणि माळ तांबूस होतो. हे गवत ओट्सच्या नात्यातलं वाटावं असं. तसेच लोंबते दाणे, पण त्यांना लांब, काळी कुसळं. पुस्तकात त्याला थेमेडा म्हणतात. लहानपणी आम्ही कुसळ थुंकीनं ओलं करून तळहातावर ठेवायचो. ते आपोआप गरगरायचं!

सखू माळावरच भेटली. पंचावन्नची असेल. हातात विळा. आईला बघताच म्हणाली, "बाई, तुमी?"

मी गवताबद्दल विचारलं. "कोवळं असतं तवर गुरं खातात," ती म्हणाली. "पिकलं की तोंड नाय लावत. मग छपराला. आता रिसॉर्टवालेपण बोलावतात, झोपड्या शाकारायला. दोन-तीन पावसाळे काढतं."

आई मध्येच बोलली. "सखू, चौथीत तू गवतकापणीला गेलीस. महिन्यानं परत आलीस, तर मी तुला वर्गासमोर हाकलून दिलं. चुकलं माझं."

सखू पेंढी बांधत राहिली. "दोन दिस कुंपणाबाहेर उभी होते, बाई. वाटलं, बोलावाल."

"पाहिलं होतं मी तुला," आई म्हणाली.

हे मला ठाऊक नव्हतं. पेंढी बांधून सखू उठली, "चला, जेवून जा."

तिच्या गवती छपराखाली भर दुपारी गारवा होता. तांदळाची भाकरी, सुक्या बोंबलाची चटणी. तिनं आईला आग्रहानं वाढलं. त्या विषयावर मात्र चकार शब्द नाही.

येताना वाकडी वाट करून घोलवडचे चिकू घेतले.

माझ्या आठवणीतली ती शाळा आजवर नुसती गाण्यांची, खेळांची होती. आता तिच्या कुंपणाबाहेर एक मुलगी उभी दिसते.

घरी पोचल्यावर आईनं विचारलं, "तिनं माफ केलं असेल का गं?"

"नसावं," मी म्हटलं.

आई चिकू धुऊ लागली. "मीही केलं नसतं."