आवकबाबूंच्या सायकलीचं लोढणं

१९७४ साली, पोळ्यानंतरच्या आठवड्यात, आमच्या कचेरीतल्या आवकबाबूंनी घरचा गोऱ्हा विकला आणि आलेल्या दोनशे साठ रुपयांत भंडाऱ्यात सायकल घेतली. दुकानात तिघं हजर होतो: दुकानदार, मी आणि ते. गोऱ्ह्याचं दावं अजून त्यांच्या खांद्यावरच होतं. दुकानदार कुलूप दाखवू लागला, तर म्हणाले, "कुलूप लावलं का चोराले समजते, इथं माल आहे. राहू द्या."

आलेलं टपाल नोंदवायचे म्हणून ते आवकबाबू. राहायचे वैनगंगेपलीकडे, कारध्याला. रोज पूल ओलांडून यायचे, कचेरीच्या भिंतीला सायकल लावायचे आणि त्याच दाव्यानं हँडलला लोढणं बांधायचे. पळपुट्या गुरांच्या गळ्यात अडकवतात तसलं, हातभर लांब सागाचा ओंडका. सायकल चालवू गेलं की पायडलच्या प्रत्येक फेरीला लोढणं गुडघ्यावर आदळणार. गाठ इतकी करकचून, की संध्याकाळी आमचा चहा पिऊन झाला तरी ते गाठीशीच झटत असायचे.

"आवकबाबू, आज तिले पाणी पाजलं का?" कॅशियर विचारायचे.

"तेल पाजतो," ते मान वर न करता सांगायचे. "पाणी पाजलं तं गंजते."

ते निवृत्त होईपर्यंत सायकल एकदाच गेली. बाजाराचा दिवस होता. रिकामी भिंत पाहून ते मटकन पायरीवर बसले. "आता विकाले घरी गायच राहिली. नातवाले दूध कुठून आणू?" मी म्हटलं, ठाण्यात जाऊ. तसे ते उठले.

"ठाण्यात कायले? दवाखान्यात चला."

सरकारी दवाखान्याच्या बाकावर पंचविशीतला एक माणूस पँट वर सरकवून बसला होता. दोन्ही गुडघे टम्म सुजलेले. बाहेर कडुलिंबाला सायकल टेकलेली होती. तिच्याच आधारानं तो लंगडत आला होता. आवकबाबूंनी आधी सायकल तपासली, मग गुडघे.

"चोरली काहून?"

"चोरली नाही जी. लाखनीची बस चुकली, म्हनून घेतली. सायकल आहे का बैल आहे तुमचा? चौकातच पाडलं मले."

"मंग गाठ सोडाची होती नं."

"सुटली कुठं?"

आवकबाबूंचा चेहरा उजळला. ज्या गाठीला आम्ही इतकी वर्षं हसलो, तिची आज प्रथमच कोणी जाणकारानं दखल घेतली होती. ठाण्याचा विषय मग निघालाच नाही. त्यांनी गाठ सोडली, त्याला कॅरिअरवर बसवलं, लोढणं त्याच्या मांडीवर दिलं आणि स्टँडवर नेलं. मी मागून चालत गेलो.

त्याच्या गुडघ्यांच्या मलमाचा सव्वा रुपया आवकबाबूंनी दवाखान्यासमोरच्या दुकानदारालाच दिला होता. लाखनीच्या तिकिटाचा दीड रुपयाही त्यांनी बसमध्ये चढून थेट कंडक्टरच्या हातात ठेवला. चोराच्या हाती पैसा द्यायला ते तयार नव्हते.