अकरा तावांचे डफडे

इनायतुल्ला यांच्या वतीने मी वर्षभरात नऊ तक्रारअर्ज लिहिले आणि त्यांचे तसूभरही भले करू शकलो नाही, हे आरंभीच नमूद करतो. मी अकोल्याच्या एका महाविद्यालयात वाणिज्य कायदा शिकवितो आणि रोज अमरावतीहून ये-जा करतो. करारनामा हा दुबळ्याचे रक्षण करतो, असे पाठ्यपुस्तकात छापलेले आहे. ते वाक्य मी अजूनही वर्गात वाचून दाखवितो, कारण त्याचेच मला वेतन मिळते.

इनायतुल्ला अकोल्यातच, ताजनापेठेत, एका वरच्या मजल्यावरील खोलीत एकटे राहतात; बसची वेळ होईपर्यंत मी त्यांच्याकडे चहाला थांबतो. वय बासष्ट. चाळीस वर्षे त्यांनी लग्नाच्या बँडमध्ये क्लॅरिनेट वाजविले. वरातीत डीजेच्या गाड्या आल्या आणि बँड मोडला. पत्नी बिल्कीस वारल्या, मुलगी इफ्फत मालेगावला सासरी गेली. जावयाने टाकून दिलेला एक संगणक तेवढा उरला. दिवस सरेना, म्हणून त्यावरच ते ध्वनिमुद्रण शिकले.

संगणकावर संगीत करणाऱ्यांजवळ ‘प्लगइन’ नावाचे वाद्य असते. त्याला ना लाकूड, ना कातडे. वाद्य एकच, त्यात भरायचे आवाज मात्र वेगळे विकत घ्यावे लागतात. कोणी त्यात सतार भरतो, कोणी ऑर्गन. इनायतुल्लांनी ठरविले की आपण दर्यापूरकडचे जुने डफडेवाले भगवंतराव यांचे डफडे भरू.

थंड डफडे बोलत नाही. पऱ्हाट्यांच्या, म्हणजे कापसाच्या वाळलेल्या काड्यांच्या जाळावर ते शेकायचे, कातडे ताणले की वाजवायचे, निवले की पुन्हा शेकायचे. शेकण्याच्या प्रत्येक पायरीला भगवंतराव ताव म्हणत. आपल्यासारख्यांच्या कानाला दोन-तीन ताव कळतात. भगवंतरावांना अकरा कळत. चार दिवस शेतात बसून इनायतुल्लांनी अकराही तावांचा एकेक ठोका टिपला. त्या वेळी मी सोबत होतो.

“हा पाचवा मयतीचा,” भगवंतराव सांगत होते. “नववा वरातीचा.”

“अन् सातवा?” इनायतुल्लांनी विचारले.

“तो कोनाचाच नाही. घरी कोनी नसलं की वाजवतो.”

“मंग तं मले तोच जास्त लागीन, भगवंतराव.”

दोघे हसले. मी हसलो नाही. मला तेव्हा ते समजले नव्हते.

ते सारे इनायतुल्लांनी आवाज विकणाऱ्या एका परदेशी कंपनीकडे विक्रीस दिले आणि कंपनीने ते सांकेतिक रूपात बंदिस्त केले. घेणाऱ्याला एक क्रमांक मिळे. तो घातला की आवाज उघडत, तेही दोनच संगणकांवर. निर्माते म्हणून इनायतुल्लांनाही एक क्रमांक मिळाला, त्याला संगणकांची मर्यादा नव्हती. परवान्याच्या अटींचा मसुदा कंपनीने मागविला, तो मी केला. चौथे कलम असे होते की, हा क्रमांक कोणालाही, कोणत्याही कारणाने, अल्पकाळासाठीही देता येणार नाही. मी ते वाचून दाखविले, इनायतुल्लांनी मान डोलावली आणि मी समाधानाने पेनाला टोपण लावले.

पुढे संगणकात जागा उरली नाही, तेव्हा त्यांनी मूळ ध्वनिमुद्रणे पुसून टाकली. “सर, माल कुलपात सुरक्षित हाय. उघड्यावर अजून एक ढीग कायले ठेवा?” पोळ्यानंतर भगवंतराव गेले. त्यांचे डफडे घरच्यांनी त्यांच्यासोबतच अग्नीला दिले. म्हणजे ते अकरा ताव आता त्या कुलपाच्या आतच होते, अन्यत्र कोठेही नव्हते.

मग दर्यापूरचा डीजेवाला गोपाल इनायतुल्लांच्या खोलीवर आला. मी तेथेच चहा घेत होतो.

“चाचा, परवाच्या वरातीले तुमचं डफडं पाह्यजे.”

“माहं कुठचं? भगवंतरावचं म्हन.”

“तेच. नवरीच्या आजोबाचा हट्ट हाय. नंबर द्या ना दोन-चार दिवस. लगन झालं की वापस.”

“वापस आनशीन? मागच्या खेपी माह्या क्लॅरिनेटची रीड तोडून आनली होती तुनं.”

“ते तं नवरदेवाच्या मामानं तोडली! मी काय खाल्ली का?”

बँडवाल्यांत एक रीत आहे. लग्न तोंडावर आले असता कोणी वाद्य मागितले, तर नाही म्हणायचे नाही. कोणाचा ढोल फाटतो, कोणाचा भोंगा फुटतो. आज तुझे, उद्या माझे. इनायतुल्लांनी कागदाच्या चिठ्ठीवर क्रमांक लिहून दिला. मी चौथ्या कलमाची आठवण करून दिली. ते म्हणाले, “विकून नाही राहिलो सर, वाजवाले देऊन राहिलो.”

गोपालने शब्द पाळला. चौथ्या दिवशी त्याने ती चिठ्ठी परत आणून दिली, वर लग्नातली पावशेर बुंदी. दरम्यान त्याच्या गाडीवरील ऑपरेटरने तो क्रमांक डीजेवाल्यांच्या ग्रुपवर टाकला होता. आठवडाभरात सहाशे संगणकांवर तो घातला गेला. कंपनीच्या यंत्रणेने चोरी ओळखली, क्रमांक रद्द केला, निर्मात्याचे खाते गोठविले आणि डफडे विक्रीतून काढून घेतले. इनायतुल्लांच्या स्वतःच्या संगणकावरही ते अकरा ताव उघडेनात.

मी पत्रे लिहू लागलो. तिसऱ्या पत्राला उत्तर आले: मालकी सिद्ध करण्यासाठी मूळ ध्वनिमुद्रणे सादर करावीत. ती नाहीत म्हणूनच आम्ही अर्ज करीत आहोत, असे मी चौथ्या पत्रात कळविले. उत्तर आले: मूळ ध्वनिमुद्रणांखेरीज विचार करता येणार नाही. ज्यांनी रीतसर विकत घेतले त्यांच्याकडे आवाज आजही चालतात. त्यांची नावे मागितली, तर ती गोपनीय. नवव्या पत्राला उत्तरादाखल चौथ्या कलमाची प्रत आली. भाषा निर्दोष होती. माझीच होती.

गेल्या शनिवारी गोपाल पेनड्राइव्ह घेऊन आला.

“चाचा, त्या वरातीचं समदं रेकॉर्डिंग भेटलं. डफडं हाय त्याच्यात.”

लावले. सायरन, शिट्ट्या, आहेर पुकारणारा कर्कश आवाज आणि त्या सर्वांच्या तळाशी डफडे. इनायतुल्ला कान लावून बसले.

“हा नववा. आयक... गेला.”

“सायरन काढता येत नाही का?” गोपालने विचारले.

“भाजीतून मीठ काढशीन का बाप्पा?”

“हे पुरावा म्हणून ग्राह्य धरले जाणार नाही,” मी म्हणालो. दोघांपैकी कोणीही माझ्याकडे पाहिले नाही.

थोड्या वेळाने इनायतुल्ला म्हणाले, “सर, दहावं पत्र लिहू नका. पुराव्यासाठी नाही पाह्यजे मले.”

बसची वेळ झाली होती. मी निघालो, तेव्हा इनायतुल्ला ते रेकॉर्डिंग पुन्हा पहिल्यापासून लावीत होते.

पुढचे गोपालने फोनवर सांगितले. दोन दिवस त्यांनी खोलीचे दार उघडले नाही. अडीच तासांच्या त्या गोंगाटात त्यांना आठवा आणि नववा असे दोन ताव सापडले. उरलेले नऊ, सातव्यासकट, त्या वरातीत कोणी वाजविलेच नव्हते.