पलंगाच्या उंचीची खिडकी

सासूबाईंचं खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशननंतर त्या काठीने घरात फिरू लागल्या, पण थोडा वेळ बसलं की कंबर भरून यायची. सांची आणि बुद्धगया बघायची त्यांची फार इच्छा होती. शेजारच्या बायका विहारातल्या सहलीबरोबर जाऊन आल्या. या मात्र आमच्या मुलीला सांभाळायला दरवेळी मागे राहिल्या होत्या. आता मुलगी शिकायला बाहेर गेली, तर प्रवासात बसणंच अवघड झालं.

"आता कुठं जायचं राहिलंय माझं," त्या एकदा सहज म्हणाल्या. माझा नवरा जेवण झाल्यावर खाली जाऊन आपला टेम्पो बघत उभा राहिला.

कंपन्यांचे सुटे भाग पोहोचवण्यात त्या टेम्पोचं आयुष्य गेलं होतं. आता जुना झाल्यामुळे त्याला काम मिळत नव्हतं. मागे पत्र्याची बंद पेटी होती. तिच्यात पलंग बसवायचा, असं नवऱ्याने ठरवलं. आरटीओची परवानगी मिळाली आणि निगडीतल्या ओळखीच्या वेल्डरकडे काम सुरू झालं. रिकामी गाडी खड्ड्यात उडते, म्हणून धक्के मऊ बसावेत यासाठी मागच्या स्प्रिंगचा एक पाटा कमी केला. वर पंखा लावला, दोन्ही बाजूंना खिडक्या केल्या, उठताना धरायला दांडी बसवली. गादी मी शिवून घेतली.

रविवारी तळेगावपर्यंत जाऊन बघितलं. चहाला थांबल्यावर मी विचारलं, "कंबर कशी आहे, आई?"

"कंबर बरी हाय. पण मला नुस्तं आभाळ दिसतंय. आभाळ तर मी घरी पडूनबी बघते."

मी त्यांच्या जागी आडवी झाले. खरंच, खिडक्या आम्ही बसणाऱ्याच्या मापाने केल्या होत्या.

वेल्डरने ऐकून डोकं खाजवलं. पेटीचा रंग नुकताच वाळला होता. "वहिनी, एवढ्या खाली पत्रा कापला तर बॉडी हलेल."

"मग आतून लोखंडी अँगलची चौकट दे," नवरा म्हणाला. "पण कुशीवर झोपून तिला रस्ता दिसला पाहिजे."

वेल्डर म्हणाला, "आईंनाच आणा." दुसऱ्या दिवशी त्यांना पलंगावर कुशीवर निजवून त्याने डोळ्यांच्या रेषेत खडूची खूण केली. मगच पत्रा कापला.

खिडकी झाल्यावर एका सकाळी आम्ही सांचीला जायला नाशिक रस्त्याने निघालो; मी मागे त्यांच्या उशाशी बसले. चाकण आलं तसं त्यांनी विचारलं, "तुझी कंपनी कुठली गं?"

आजवर त्यांनी ती बघितलीच नव्हती. माझी पहिली शिफ्ट असली की त्या माझ्याआधी उठून डबा करायच्या, आणि तो डबा घेऊन मी इथेच यायचे. मी सांगितल्यावर नवऱ्याने हमरस्त्यावरून गाडी आत वळवली, गेटसमोर बाजूला लावली. आई खिडकीतून बघत राहिल्या. आत जाणाऱ्या बायका, सुरक्षारक्षक, झाडं, सगळं.

"मोठी हाय की," त्या म्हणाल्या. "मला वाटलं होतं, पत्र्याची शेड असंल."

 मी त्यांचा हात हातात घेतला. थोड्या वेळाने त्यांनीच सांगितलं, "चला आता, ऊन व्हायच्या आत पुढं जाऊ."

सांची झालं, बुद्धगयाही झाली. बोधिवृक्षाखाली त्या चादरीवर आडव्या पडून राहिल्या, आणि त्या स्वतःहून काठी मागेपर्यंत त्यांना कुणी उठवलं नाही.