निनावी पत्राची स्थळप्रत

निनावी पत्र कुणीही लिहावं, पण बारनिशी सांभाळणाऱ्या कारकुनानं लिहू नये. बारनिशी म्हणजे कचेरीतलं ते टेबल, जिथं आलेलं प्रत्येक पत्र नोंदवायचं, गेलेलं प्रत्येक पत्र नोंदवायचं आणि दोन्हींतलं एकही वाचायचं नाही. पंचवीस वर्षं मी तिथं बसतोय. संध्याकाळी मात्र मी कारकून राहत नाही. छावणीतल्या मैदानाच्या कडेला सिमेंटच्या पाच पायऱ्या आहेत. त्यातल्या तिसरीवर टेकलो की मी फुटबॉलचा जाणकार होतो.

खेळाशी माझा थेट संबंध एकदाच आला. बाहेर आलेला बॉल मी मोठ्या जोमात आत मारला. तो मागं, चहावाल्याच्या पातेल्यात गेला. तेव्हापासून आपण बुद्धीनं खेळायचं, असं मी ठरवलं.

पायऱ्यांवरचे कायमचे आम्ही तिघं. एक मामू, शहागंजात त्यांचं कापडाचं दुकान. ते कुणाचे सख्खे मामा आहेत हे मला आजतागायत माहीत नाही, पण गिऱ्हाईकही त्यांना मामूच म्हणतं. दुसरे आबा. कन्नडकडच्या वाडीवर त्यांच्या घरची मेंढरं होती. ती विकून ते शहरात आले, आता छावणीत दुधाचा रतीब घालतात. तिसरा मी. आणि समोर, रेषेजवळ प्लास्टिकच्या खुर्चीत, आमचे मास्टरसाब.

एकोणीस वर्षं क्लबचं सगळं त्यांच्याकडं होतं. संघ निवडायचा, शिकवायचा, जाळी शिवायची, मैदानातले खडे वेचायचे. एके काळी क्लबच्या खोलीतलं कपाट ढालींनी इतकं भरलं होतं की दार दोरीनं बांधायला लागायचं. आता त्या कपाटात ढाली मागं सरकवून चुना ठेवतात. गेल्या मोसमात आम्ही एक सामना जिंकलो, तोही समोरच्यांची गाडी बंद पडली म्हणून.

या घसरणीचं कारण काय, यावर पायऱ्यांवर रोज चर्चा चालायची. मामूंच्या मते पोरांचं लक्ष मोबाइलात, त्यात मास्टरचा काय कसूर. आबांचं मत त्यांच्या जुन्या धंद्यातून आलेलं होतं.

"कळप मागनं हाकत्यात," ते म्हणायचे. "ह्यो पुढं हुबा राहून वरडतोय. मागं राहिलेलं कुणी बघायचं?"

माझं म्हणणं अधिक शास्त्रशुद्ध असायचं. आमचा कप्तान खरा बचावातला गडी, धिप्पाड, शांत. दोन वर्षांपासून मास्टरसाबांनी त्याला पुढं गोल मारायला उभा केला होता. त्याच्यावर त्यांचा फार जीव. बाप गेल्यावर त्यांनीच त्याला सांभाळलं, त्यांच्याच ओळखीनं तो एका सेतू केंद्रात दाखले टाइप करायला लागला. गोल मारून त्याचं नाव व्हावं, असं त्यांना मनापासून वाटायचं. त्यानं गोल मारावा, असं देवाला वाटत नव्हतं. हे मी मास्टरसाबांना तोंडी कितीदा तरी सांगितलं. ते हसून म्हणायचे, "हौ बाबू, देखते." आणि बघायचे नाहीत.

मग एका कॉलेजच्या संघानं आमच्यावर पाच गोल घातले. त्या रागात मी पत्र लिहिलं.

ते त्यांनी मनावर घ्यावं एवढाच हेतू होता. माझ्या नावाचं पत्र कोण मनावर घेणार, म्हणून खाली लिहिलं: 'आपले दुःखी खेळाडू'. इथवर कोणताही सामान्य भित्रा माणूस आला असता. पण पंचवीस वर्षांचा हात. वर 'विषय: संघाच्या घसरणीबाबत' आलं. त्याखाली 'संदर्भ: वेळोवेळी झालेली तोंडी चर्चा'. मग 'उपरोक्त विषयान्वये सविनय सादर करण्यात येते की', मग मुद्दा क्रमांक एक ते पाच. शेवटी 'आपल्या स्तरावरून योग्य ती कार्यवाही व्हावी'. शहागंजातल्या झेरॉक्सवाल्याकडून छापून घेतलं आणि क्लबच्या खोलीच्या दाराखालून आत सरकवलं.

चौथ्या दिवशी मास्टरसाबांनी जाहीर केलं, की कन्नडची स्पर्धा झाली की आपण सोडणार, लेकीकडं नांदेडला राहायला जाणार. कारण विचारलं तर एवढंच म्हणाले, "बच्चे चिट्ठी दिये. बच्चों को मैं नक्को तो नक्को." पत्र कुणाला दाखवलं नाही. खिशात ठेवलं.

पायऱ्या पेटल्या. जो तो लिहिणाऱ्याला शिव्या द्यायला लागला. गप्प बसलो तर संशय येईल, म्हणून मी सगळ्यांहून जास्त दिल्या. एवढ्यावर थांबायचं ना! पण मला रंग चढला. हा जो कोण असेल त्याला मैदानात सगळ्यांसमोर उभा करून ते पत्र मोठ्यानं वाचायला लावलं पाहिजे, अशी सूचना मीच मांडली. ती एकमतानं पास झाली. पाठोपाठ निरोपाच्या कार्यक्रमाचं मानपत्र कुणी लिहायचं, हा विषय निघाला आणि सगळ्यांनी माझ्याकडं पाहिलं. शब्दांचा माणूस मी एकटाच होतो.

पुढचे तीन आठवडे मी दुपारी बारनिशीत बसून मानपत्र लिहायचो. 'आपण आम्हां सर्वांचे वटवृक्ष' असं लिहायचो, खोडायचो आणि पुन्हा तेच लिहायचो. संध्याकाळी पायऱ्यांवर जावं तर मास्टरसाब पोरांपासून दहा हात लांब उभे असायचे. पूर्वी सराव संपला की सगळे गोल बसून भेळ खायचे. आता ते खुर्ची उचलून एकटेच खोलीत जायचे. कप्तानाकडं तर पाहतसुद्धा नव्हते. हे पोरांवरच्या रागानं असेल, असं मी समजत होतो. कप्तानाचंच काही वेगळं आहे, हे डोक्यात आलं नाही. पायऱ्यांवर जायचं बंद करावं म्हटलं तर तेवढ्यानं संशय येणार. एकदा ताप आल्याचं सांगितलं, तर मामू आणि आबा घरी बघायला आले आणि तासभर पत्रावरच बोलले.

कन्नडला दोन जीपगाड्या निघाल्या. पुढच्या जीपमध्ये पोरं, मागच्यात आम्ही. मधल्या सीटवर चौघं: एका दाराशी मास्टरसाब, दुसऱ्या दाराशी आबा, मध्ये मी आणि मामू. माझ्या मांडीवर सहा फुटबॉल भरलेली जाळी. हनुवटी वरच्या बॉलवर टेकवली तरच समोरचं दिसायचं. वेरूळ मागं पडेपर्यंत मामूंना झोप लागली. त्यांचं डोकं माझ्या खांद्यावर आलं, तेव्हा मला हलायचीही सोय राहिली नाही.

कन्नडच्या तोंडाशी गाड्या थांबल्या. त्या दिवशी बाजार होता, हे आमच्यापैकी कुणाच्याच लक्षात आलं नव्हतं, आबांच्यासुद्धा. पुढं उसाचे दोन ट्रॅक्टर, बाजूला शेळ्या, मागून एसटी. चालकानं इंजिन बंद केलं आणि खाली उतरून गायब झाला. पोरांची जीप चार गाड्यांपलीकडं दिसत होती. मामू जागे झाले आणि दुसरं काही काम नसल्यानं विषय काढला. जायचंच आहे तर निदान ते पत्र तरी दाखवा, म्हणाले.

मास्टरसाबांनी इतक्या दिवसांत पहिल्यांदा खिशातून कागद काढला. घड्यांवर फाटायला आला होता. मामूंना मराठी बोलता येतं, वाचायचा कंटाळा. आबांचा चष्मा घरी. कागद फिरत माझ्याकडं आला आणि मी माझंच पत्र, फुटबॉलच्या वरून मान काढून, प्रथमच बघतोय असं बघितलं.

"पढ़ो ना बाबू," मास्टरसाब म्हणाले. "क्या सरकारी ज़बान है. विषय, संदर्भ. ऐसा कौन लिखता हमारे में? दिनभर दाखले टाइप करनेवाला एकच है."

मला कळायला वेळ लागला. ते कप्तानाबद्दल बोलत होते.

मामू चुकचुकले. आबांनी मान हलवली. मास्टरसाब खिडकीतून पुढच्या जीपकडं बघत सांगत होते. पोरगं आठ वर्षांचं असल्यापासून आपल्या घरी जेवलंय. तोंडावर बोलला असता तर एक मुस्काटात मारली असती आणि विषय संपला असता. चिठ्ठी दिली. नांदेडला जाताना त्याला भेटणार नाही.

आता बोलायचं, एवढं मला कळत होतं. पण उजवीकडं मास्टरसाब, डावीकडं मामू, मांडीवर सहा बॉल, दाराबाहेर शेळ्या. बोलून झाल्यावर पळून जायची कुठलीच सोय नव्हती. माणूस कबुली देतो ती निघून जायच्या तयारीनं, हे मला तेव्हा समजलं.

"मास्टरसाब, ते मी लिहिलं," मी वरच्या बॉलला म्हणालो.

मग मामूंनी माझ्या पाठीवर हात ठेवला. पोराला वाचवायला स्वतःवर घेताय, दिल मोठं आहे तुमचं, असं काहीसं ते म्हणाले. आबा म्हणाले, "नाय, तुमी कशाला लिवताल. तुमी तर लिवणाराला लई शिव्या दिल्या." तीन आठवडे मी स्वतःला दिलेल्या शिव्या आता माझ्याच बाजूनं साक्ष देत होत्या. मास्टरसाबांनी माझ्याकडं पाहिलं, तेही दयेनं. माझ्यासारखा माणूस असं काही करू शकेल, यावर त्यांचा विश्वासच नव्हता.

तेव्हा मला स्थळप्रत आठवली.

बाहेर जाणाऱ्या प्रत्येक पत्राची एक प्रत कचेरीत ठेवायची असते, तिला स्थळप्रत म्हणतात. झेरॉक्सवाल्यानं विचारलं होतं, किती काढू? माझ्या तोंडून आपोआप गेलं, दोन. ती दुसरी प्रत मी कचेरीत ठेवू शकत नव्हतो, घरी बायकोच्या हाती लागली असती, आणि फाडायला हात होत नव्हता. स्थळप्रत फाडणं आमच्यात गुन्हाच. ती तीन आठवडे माझ्या पाकिटात होती.

पाकीट मागच्या खिशात आणि मी त्यावर बसलेलो. मामूंना उठायला लावून, जाळी आबांकडं देऊन, अर्धा उभा राहून मी ती काढली. उजव्या कोपऱ्यात माझ्याच अक्षरात लिहिलेलं होतं: 'स्थळप्रत'. खाली माझी बारीक सही. स्थळप्रतीवर सही लागतेच.

मास्टरसाबांनी दोन्ही कागद शेजारी शेजारी धरले.

"बाबू," ते म्हणाले, "तीन हफ्ते मैं उस लड़के से बात नई किया."

एवढंच. मग त्यांनी दार उघडलं, शेळ्या बाजूला सारल्या आणि गुडघा धरत पुढच्या जीपकडं चालायला लागले. मला दिसलं ते असं: कप्तान खाली उतरला. मास्टरसाबांनी त्याच्या खांद्यावर हात टाकला की मानगूट धरली, सांगता येत नाही. मग सगळी पोरं उतरली आणि बूट हातात घेऊन त्यांच्यामागून बाजारातनं चालत मैदानाकडं गेली. आबा पुटपुटले, "आज बी पुढंच चालतोय." मामू माझ्याशी बोलले नाहीत. आम्ही तिघं आणि सहा बॉल जीपमध्येच होतो. कप्तान मागं खेळला, मास्टरसाबांनी स्वतः त्याला मागं बोलावलं, हे आम्हाला नंतर कळलं. आम्ही पोचलो तेव्हा सामना संपायला आला होता. हरलोच. पण एका गोलनंच.

मास्टरसाब राहतील, अशी मला वेडी आशा होती. ते म्हणाले, गुडघे गेले, लेकीनं खोली रंगवून ठेवली, आता जातो.

निरोपाचा कार्यक्रम मैदानातच झाला. शाल झाली, नारळ झाला. मी मानपत्राची फ्रेम घेऊन माइकजवळ गेलो. मास्टरसाबांनी हात वर केला आणि खिशातून तो कागद काढला. आधी हे, म्हणाले. ठराव झालाय ना?

ठराव मीच मांडला होता. मी वाचलं. विषय वाचला, संदर्भ वाचला. 'सविनय सादर करण्यात येते की' म्हटलं तेव्हा पोरं हसायला लागली, आणि मला वाटलं, हसून हसून मोकळं करतील. पण मुद्दे सुरू झाल्यावर हसणं थांबलं. जे आम्ही पायऱ्यांवर रोज चवीनं बोलायचो, ते त्या माणसासमोर, त्याच्या अंगावर शाल असताना ऐकायला फार वाईट वाटत होतं. मामू जमिनीकडं बघत होते. मधेच थांबावं म्हटलं तर मास्टरसाब बोटानं पुढं चला म्हणत होते. पाचही मुद्दे वाचले. दुःखी खेळाडूंपर्यंत वाचलं.

"तीन नंबर सही था," मास्टरसाब म्हणाले. तिसरा मुद्दा कप्तानाला मागं खेळवण्याचा होता. "मुंह पे बोलते थे तब भी सही था. मैं सुना नई."

मग त्यांनी माझ्या खिशातला पेन घेतला, 'दुःखी खेळाडू' खोडलं आणि कागद माझ्यापुढं धरला. मी सही केली. त्यांनी तो घडी करून परत खिशात ठेवला. कप्तानानं त्यांची पेटी उचलली आणि दोघं रिक्षाकडं गेले.

मानपत्र वाचायचं राहूनच गेलं. फ्रेम त्यांच्या प्लास्टिकच्या खुर्चीवर तशीच राहिली होती. नांदेडला पाठवू का म्हणून फोन केला, तर म्हणाले, राहू दे तिकडंच, मेरे पास एक है.

ती आता क्लबच्या खोलीत कपाटावर टेकवून ठेवली आहे. नवा मास्टर कोण, यावर पायऱ्यांवर वाद चालू आहे. मामू माझ्याशी बोलायला लागलेत, पण माझं मत विचारत नाहीत. विचारलंच तर आबा आधी म्हणतात, "तोंडी सांगा."