कुंडलिकची हजेरी

कुंडलिक काळे शिबिरातून पळाला आणि जाताना साहेबांची शिट्टी लांबवून गेला, ही बातमी सेटलमेंटच्या नाक्यावर चहा पिणाऱ्या प्रत्येकाला पाठ होती. सांगणारे तर हातवारे करून सांगायचे, "भिंतीवरनं अशी उडी टाकली बगा, मांजरागत!" खरी गोष्ट अशी, की शिट्टी साहेबांच्याच पँटच्या खिशात राहून परटाकडे गेली होती, आणि इस्त्रीच्या कपड्यांबरोबर परतही आली. कुंडलिक तर पळालाच नव्हता. साहेबांनीच त्याला हाताला धरून नेऊन पोचवलं होतं. कुठे, ते येईलच पुढे.

चौऱ्याहत्तर सालचा मे महिना. सुट्टीमुळे ओस पडलेल्या शाळेत पारधी समाजाच्या पोरांसाठी व्यवसाय मार्गदर्शन शिबिर भरलं होतं. काही पोरं मंद्रूपकडची, काही करमाळ्याकडची, बाकीची सेटलमेंटमधली. कुंडलिक सेटलमेंटमधला. मिसरूड नुकतं फुटलेलं, सातवी पास, अंगात थोरल्या भावाचा सदरा. शिबिराचे प्रमुख अण्णाराव साहेब. माणूस भला, अगदी भला. बोलताना खाकरायचे, एक टाच उचलायचे आणि वाक्य संपलं की ती खाली आपटायचे. "मुलांनो, स्वप्नं मोठी बघा. होय की नाही?" टाच. "सरकार तुमच्या पाठीशी आहे. होय की नाही?" टाच.

पहिल्या सकाळी साहेबांनी शिट्टी फुंकली आणि ओरडले, "हजेरी!" बघता बघता सगळी पोरं मैदानात रांगेनं उकिडवी बसली, हात गुडघ्यांवर. साहेब खूश. केवढी ही शिस्त! त्यांनी पहिलं नाव घेतलं. कुंडलिक उठला आणि खाली मान घालून एका दमात म्हणाला, "कुंडलिक धर्मा काळे, जात पारधी, रातच्याला घरातच हुतो साहेब, कुटं गेलो न्हाय, आई साक्षीला हाय."

शिबिराचा स्वयंपाक माझ्या आईकडे, शिवम्माकडे होता. मी चुलीपाशी बसल्या बसल्या खो खो हसलो, आणि आईनं पाठीत रपाटा घातला.

"अरे, नुसतं 'हजर' म्हणायचं!" साहेब म्हणाले.

कुंडलिकला हजेरी तेवढीच माहीत होती. इंग्रजांनी पारध्यांना जन्मतःच गुन्हेगार ठरवून सेटलमेंटमध्ये कोंडलं, आजा तारेच्या कुंपणाआड राहायचा, तेव्हापासूनची ती घरात चालत आलेली. तार निघून वर्षं झाली, पण पहाटे झोपडीसमोर येऊन नाव पुकारणारा हवालदार काही थांबला नव्हता. "नुसतं हजर म्हटलं की म्होरलं इचारत्यातच की," कुंडलिक पुटपुटला. "आदीच सांगितल्यालं बरं."

मग पोरांना कामं दाखवायला नेऊ लागले. टपाल कचेरी झाली, श्रीपूरचा साखर कारखाना झाला. कुंडलिक सगळीकडे दाराशीच उभा राहायचा, हात पाठीमागे बांधून, कशाला बोट लागू नये म्हणून. गिरणीत मात्र त्याचे हात सुटले. सूतखात्यात चालत्या साच्यावर तुटलेला धागा जोडून दाखवत होते. मुकादम चनमल्लप्पांनी विचारलं, "कोण बघतंय करून?" कुंडलिक पुढे झाला. दोनदा फसला, तिसऱ्यांदा धागा धरला.

"येनप्पा, काय रं पोरा, हात बरा हाय की तुजा!" चनमल्लप्पा गरजले. "साहेब, पाठवा की ह्येला बदलीवर, गैरहजर कामगाराच्या जागी. मी बोलतो वर. फकस्त चौकीचा दाखला आणा, चांगल्या वर्तनाचा."

त्या संध्याकाळी कुंडलिक जेवला नाही. मी म्हटलं, "साहेब सोबत येणार आहेत, दाखला मिळणारच. लाव पैज."

"न्हाय मिळायचा."

"मिळणार!"

"हरशील. मग मी सांगंल ते करशील?"

"करीन की!"

त्याची आई बनाबाई शाळेच्या फाटकापर्यंत येऊन सांगून गेली, "आपल्या पायानं चौकीत जातंय का रं कोन? साहेबाला काय, त्येला खुडची देत्यात." पण साच्याचा आवाज कुंडलिकच्या कानातून जात नव्हता. सकाळी तो साहेबांबरोबर निघाला, सदऱ्याची सगळी बटणं लावून.

हवालदारानं साहेबांना खुर्ची दिली. गालातली सुपारी इकडून तिकडे केली. "वर्तन? चांगलं? ह्येचं? ह्यानं अजून काय केल्यालं न्हाय, एवढं लिवून देतो. 'अजून' घालून." आणि लगेच आत हाक मारली, "बरं झालं आणलात साहेब, हेलपाटा वाचला. मंद्रूपच्या बाजारातनं शेळी गेलीया. बसव रं ह्येला आत."

अण्णारावांनी टाच उचलली, 'सरकार' म्हणाले, 'मार्गदर्शन' म्हणाले. मग चहा आला. तो पिऊन ते एकटेच परतले.

शिबिराचा समारोप कुंडलिकविना झाला. कोणीतरी विचारलं, "काळे कुटं हाय?" साहेब म्हणाले, "तो... घरी गेला असेल. होय की नाही?" टाच वर गेली ती खाली आलीच नाही. शिट्टी त्याच दिवशी सापडेना, आणि नाक्याला बातमी मिळाली.

शेळी पुढे मालकाच्याच पाहुण्याकडे निघाली, तेव्हा कुंडलिकला सोडलं. तोवर गिरणीतल्या बदलीवर दुसरा लागला होता. चनमल्लप्पा म्हणाले, "दाखला आणला असतास तर..." आणि पुढचं साच्यांच्या आवाजात गेलं.

कुंडलिक आमच्या दारात आला. ओठ फाटलेला, सदऱ्याला बटण एकच. "पैज," तो म्हणाला.

"हरलो बाबा. काय करू, बोल. भजी आणू?"

"साहेबाचा आवाज काड."

मी टाच उचलली. "काय म्हणू?"

"म्हन, कुंडलिक, उद्यापासनं कामावर ये."

मी म्हटलं. खाकरण्यासकट, टाचेसकट. इतकं हुबेहूब जमलं, की आत आईनं पदर सावरला. कुंडलिक अंगणात उकिडवा बसला होता, हात गुडघ्यांवर, डोळे मिटून.

"हजर," तो म्हणाला. पुढे काहीच नाही.