तिसरा आवाज

बासरहून इचोड्याला येताना बसमध्ये एक तरुण मुलगी माझ्या शेजारी होती. मांडीवर ओढणीत गुंडाळलेला सिमेंटचा ठोकळा. खड्डा आला की ती तो दोन्ही हातांनी वर उचलून धरायची.

"काय हाय हे, बाई?" मी विचारलं.

"जमीन हाय, काका. लहानशी."

भूकंपाच्या लाटा जमिनीतल्या थरांवर आदळून परत येतात. त्याचा अभ्यास करायला तिनं स्वतः दोन थर ओतून हा ठोकळा बनवला होता. प्रयोगशाळेत ती त्यात आवाज सोडायची आणि परत आलेला मोजायची. कॉम्प्युटरवर मांडलेल्या तशाच ठोकळ्यातून दोन थरांचे दोन आवाज परतायचे, या खऱ्यातून मात्र तीन.

"सर म्हणते, तिसरा काढून टाक अन् थिसिस दे. पण तो येते ना, काका! काऊन काढू?"

इचोड्याला उतरून ती ठोकळा कापून आत पाहायला फरशी कापणाऱ्याच्या दुकानात शिरली. मला राहवेना, मीही मागोमाग गेलो.

"दीदी, सच में काटूं?" कारागिरानं विचारलं. तिची वर्षभराची मेहनत होती ती. तिनं डोळे मिटून मान डोलावली.

ठोकळा दुभंगला. आत दोनच थर, ना भेग ना पोकळी. ती कापलेल्या बाजूवरून कितीतरी वेळ बोट फिरवत राहिली.

"मंग कोठून येऊन राह्यला तो?"

"सरांना काय सांगशील?" मी विचारलं.

"तीनच लिहीन," ती म्हणाली. "अन् तिसरा कोठून येते ते मले माईत नाही, हेबी लिहीन."